मांडीवर घेऊन घसरगुंडी? नाही बाप्पा!

उन्हाळ्यात सारे मिळून नागपूरच्या बाजूला एका वॉटर पार्कात गेलो होतो, दारव्ह्याहून पहाटेच गाडी काढली, डब्यात पोळ्या अन् झुणका. पाण्यात उतरायच्या आधीच बाहेरच्या साध्या घसरगुंडीवर भाऊजींनी आमच्या अडीच वर्षाच्या पोट्ट्याला मांडीवर घेतलं, एकटा पडेल म्हणून, अन् अर्ध्यातच त्याच्या सँडलचा रबर कडेला अडकला. पाय मागं राहिला, भाऊजी पुढं. पोट्टं असं रडलं का विचारू नका! एक्सरेत नडगीच्या हाडाला तडा.

डॉक्टर म्हणाले एकटा असता तर पाय अडकून तिथंच थांबला असता, पण मांडीवर असला का मोठ्या माणसाचं सगळं वजन पुढं ओढते अन् अडकलेलं हाड पिरगळते. म्हणजे जपायला गेलो अन् आपणच मोडला.

मोठ्या राईडचं तर वेगळंच, उंचीची पट्टी लावली असते तिथं लोक पोराला चवड्यावर उभं करतात (आमचे मामाजी पण!), पण राईडमधे धरून ठेवणारा तो आडवा दांडा लहान अंगाला नीट बसतच नाही ना. अमेरिकेत कॅन्ससमधे १६८ फुटी पाण्याच्या घसरगुंडीवर २०१६ साली १० वर्षाचा मुलगा राफ्टमधून (रबरी होडीतून) उडून गेला, जीवच गेला, अन् त्या राफ्टला बांधायचे पट्टे होते बरं.

प्लास्टर निघालं आता. पोट्टं परत घसरगुंडी मागते, सँडल काढून, एकट्यानं. भाऊजी लांबच उभे राहतात.