जुनी २४ फुटी क्रूझर पाण्यात उतरवताना : माझा अनुभव

आम्ही अमेरिकेत मेरीलँडला राहतो, ॲनापोलिसपासून अर्ध्या तासावर. मी मूळचा रेवदंड्याचा, होड्या, धक्का, भरती-ओहोटी हे लहानपणापासून बघितलेलं, आणि चेसापीक बे, म्हणजे इथली समुद्राची मोठी खाडी, एवढी जवळ असताना दर वीकेंडला काठावर उभं राहून दुसऱ्यांच्या बोटी बघत बसायचं हे मला काही सहन होईना. नवीन बोट आपल्या आवाक्यातली नव्हतीच, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये एक जुनी क्रूझर साडेनऊ हजार डॉलरला घेतली. २४ फूट, पेट्रोलचं व्ही-६ इंजिन, पुढे दोघं झोपतील एवढी केबिन, एक छोटं सिंक, बस्स. ऑक्टोबरमध्ये सीझन संपलेला असतो, मालकाला हिवाळ्यात बोट सांभाळायचा खर्च नको असतो, त्यामुळे भाव उतरतो. किमतीवर राज्याचा ५ टक्के टॅक्स लागतो तो आधीच धरून ठेवा. शिवाय १ जुलै १९७२ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे बोटिंग सेफ्टीचा कोर्स करून सर्टिफिकेट लागतं, ते मी त्याच हिवाळ्यात करून टाकलं.

आता खरेदीची यादी. माझ्या पहिल्या यादीत सगळ्यात वर होता मोठ्या स्क्रीनचा चार्टप्लॉटर (पाण्याच्या नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा), मग फ्रिज, मग नवीन गाद्या. सर्व्हेयरने, म्हणजे बोट तपासायला बोलावलेल्या माणसाने, डॅशबोर्डमागचं पॅनल उघडून दाखवलं आणि ती यादी तिथेच संपली. आधीच्या मालकांनी, किती जणांनी देव जाणे, घरातल्या साध्या वायरी जोडून इलेक्ट्रिक टेपा गुंडाळून ठेवलेल्या. मी बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची, वायर कटरने सोलली तर आत तांब्याचा रंगच दिसेना, नुसतं काळं, बोटावर पूड येत होती, अजून सहा इंच मागे सोललं तरी तेच. खारी हवा तारेच्या आतून चढत जाते. म्हणून मार्चभर, हिवाळ्यासाठी बोटीवर गुंडाळलेल्या श्रिंकरॅपच्या पांढऱ्या प्लास्टिकखाली वाकून वाकून, मी पंप, लाइट, हॉर्न सगळ्यांच्या वायरी बदलल्या. कल्हई केलेली मरीन वायर, नीट क्रिंप केलेले (पक्कडीने दाबून बसवलेले) जोड, वरून आत गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी, आणि बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज. बॅटऱ्या दोन, एक फक्त इंजिन चालू करायला आणि एक डीप सायकल, म्हणजे बराच वेळ हळूहळू वापरता येणारी, बाकी सगळ्याला, म्हणजे रात्रभर लाइट जळला तरी सकाळी इंजिन लागतं. या कामात खूप वेळ गेला, पण पैसे चार्टप्लॉटरच्या निम्मेही लागले नाहीत.

ब्लोअरचं, म्हणजे इंजिनखालची हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं, मात्र नीट सांगतो, कारण त्याने मला खरंच घाबरवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती इंजिनखाली बिल्जमध्ये साठते, आणि स्टार्ट करताना एक ठिणगी पुरते, म्हणून आधी चार मिनिटं ब्लोअर लावायचा असतो. आमचा ब्लोअर मस्त आवाज करायचा. मी सहज बाहेरच्या जाळीसमोर टिश्यूपेपरची पट्टी धरली तर ती हललीसुद्धा नाही. खाली जाऊन बघतो तर होज, म्हणजे हवेची नळी, तळाशी सडून तुटलेला, म्हणजे पंखा वरचीच हवा फिरवत होता आणि खालची वाफ खालीच. थोड्या डॉलरचा होज. आता दर वेळी निघण्याआधी पट्टी धरून बघतो, मग नाक लावून वास घेतो, मगच चावी.

बिल्ज पंपावर तासाला ११०० गॅलन लिहिलेलं असतं, ते ऐकायला भरपूर वाटतं. पण पाण्याखाली एक फुटावर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण २० गॅलन आत येतं, म्हणजे तासाला १२००, आणि पाणी वर चढवताना पंप लिहिलेल्यापेक्षा कमीच फेकतो. म्हणून दुसरा पंप थोडा वर बसवला, वेगळ्या फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की आपोआप चालू होणाऱ्या), सोबत अलार्म. ज्वाळा विझवायच्या सिलिंडरच्या बुडावर साल बघा, डिस्पोजेबल असेल तर १२ वर्षांनी बाद. फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या कांड्या, ४२ महिन्यांनी. आम्हाला बोटीबरोबर मिळालेलं हे सगळं बाद निघालं. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला, पेट्रोल इंजिन आणि झोपायची जागा एकत्र असेल तर तो हवाच.

व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरून बोलायचा वायरलेस, फिक्स घेतला, हातातला नाही. लाल झाकणाखालचं संकटाचं बटण दाबलं की बोटीचा नंबर आणि ठिकाण कोस्ट गार्डकडे जातं, पण त्यासाठी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, भरावा लागतो आणि रेडिओला जीपीएस मिळावा लागतो, हे बरेच जण करतच नाहीत.

नांगर ठरवला बाबांनी. व्हिडिओ कॉलवर मी जुना नांगर दाखवला, आठ पौंडांचा, तर म्हणाले, "अरे, याने होडी थांबेल, पण तू झोपू शकशील का? आणि दोर किती आहे ते सांग आधी." तळ कसला म्हणून विचारलं, मी म्हटलं बाबा, चिखल. इथे बहुतेक ठिकाणी चिखलच. मग डॅनफोर्थ पद्धतीचा रुंद पात्यांचा १३ पौंडांचा घेतला, २० फूट साखळी, पुढे १५० फूट नायलॉन. भरतीचं सांगितलं तर त्यांना पटेचना, कारण ॲनापोलिसला भरती-ओहोटीत जेमतेम एक फुटाचा फरक. इथे वाऱ्याचं बघावं लागतं, वायव्येचा वारा जोरात वाहिला की पाणी बेच्या बाहेर ढकललं जातं आणि नकाशातल्यापेक्षा खोली कमी मिळते.

मे महिन्यात पहिली रात्र ऱ्होड रिव्हरमध्ये काढली. जाताना थॉमस पॉइंटचं १८७५ चं दीपगृह लागतं, पाण्यात पायांवर उभं असलेलं षटकोनी घर, बायकोने तिथे दहा मिनिटं बोट थांबवायला लावली. खाडीत आठ फूट पाणी, बोटीचं नाक पाण्यापासून तीन फूट वर, भरतीचा एक फूट, झाले बारा, त्याच्या सातपट म्हणजे ८४ फूट दोर सोडला. साडेआठला वळीव आला, तो इथे उन्हाळ्यात येतोच, वारा एकदम फिरला आणि बोट पूर्ण उलट्या तोंडाने वळली. या जातीचा नांगर असं वळताना कधी कधी उपटतो, म्हणून मी चावी लावून, किनाऱ्यावरच्या एका दिव्यावर नजर ठेवून तासभर बसलो. दिवा जागचा हलला नाही. सकाळी नांगर वर काढताना साखळीला राखाडी चिखल असा चिकटला होता की बादलीने धुवायला वीस मिनिटं लागली.

टॉयलेट पोर्टेबल ठेवलंय, मरीनात नेऊन रिकामं करतो, खाडीत काहीही सोडायचं नाही. इंधनाच्या काट्यावर माझा विश्वास नाही, एक तृतीयांश जायला, एक यायला, एक शिल्लक. फ्रिज अजून घेतला नाही, आइसबॉक्समध्ये दोन दिवस बर्फ टिकतो. या हिवाळ्यात मागच्या ड्राइव्हचा (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाचा) रबरी बेलोज, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी घड्यांची नळी, बदलायचाय, तो फाटला की बोट धक्क्यालाच बुडू शकते. पार्ट आणून गॅरेजमध्ये ठेवलाय.