तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रात्री तुमच्याजवळ कोण असेल?

मी भूलतज्ज्ञ आहे हे कळलं की हळदीकुंकवापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत कुठेही कुणीतरी जवळ सरकून हळूच विचारतं, “ते चरबी काढतात ना, लायपोसक्शन, त्यात काही होत नाही ना?” हल्ली विचारणाऱ्यांत तरुण मुलगेही असतात. छातीवरच्या चरबीमुळे टी-शर्ट घालायला लाजणारे.

बहुतेकांना काही होत नाही, हे आधी सांगते. प्रकृती धडधाकट, सर्जन प्रशिक्षित आणि रुग्णालय नीट असेल, तर माणूस सूज आणि काळेनिळे डाग घेऊन घरी जातो, पट्टा बांधून कुरकुरतो आणि काही आठवड्यांत विसरतो. पण ज्यांना होतं, त्यांना ते अनेकदा टेबलावर होत नाही. टेबलावर मी शेजारी असते, ऑक्सिजन मोजला जात असतो, नाडीचा आवाज कानावर पडत असतो. मला काळजी असते ती नंतरची.

लायपोसक्शनचंच घ्या. चरबी काढायच्या आधी त्या भागात भरपूर सलाइन सोडतात. त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं अॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. एरवी अॅड्रेनलिनसोबत लिग्नोकेन देताना आम्ही किलोमागे 7 मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. या पद्धतीत 35 मिलिग्रॅमपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जास्त दिलं जातं. म्हणजे 70 किलोच्या माणसाला एरवी सुमारे 490 मिलिग्रॅम आणि इथे जवळजवळ अडीच ग्रॅम. हे चालतं, कारण चरबीतून औषध फार सावकाश रक्तात उतरतं. पण सावकाश उतरतं म्हणूनच रक्तातली त्याची पातळी साधारण आठ ते चौदा तासांनी सर्वांत वर जाते. सकाळी दहाला ऑपरेशन झालेल्या बाईसाठी तो वेळ संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीचा. तोवर ती घरी असते आणि क्लिनिकला कुलूप असतं. मात्रा जास्त झाली असेल, तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, असंबद्ध बोलणं असं सुरू होतं. पुढे झटके, आणि मग हृदयाची लय बिघडते. घरच्यांना वाटतं, भूल अजून उतरली नाही.

पायांतल्या शिरांमध्ये होणारी गुठळी आणखी उशिरा येते, काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही. पोटाची सैल कातडी काढून स्नायू आवळण्याच्या ऑपरेशनात, म्हणजे टमी टकमध्ये, तिचा धोका सौंदर्याच्या इतर शस्त्रक्रियांपेक्षा जास्त. वजन जास्त, गर्भनिरोधक गोळ्या चालू, आणि दुखतं म्हणून दिवसभर अंथरुणात, असं सगळं जुळून आलं की पोटरीतली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. एक पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. सुटलेल्या चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणं हे दुर्मीळ, पण बहुधा पहिल्या तीन दिवसांतलं. आणि तीन-चार आठवड्यांनी टाक्यांपाशी गाठ येऊन पाझरू लागली, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतला एखादा जंतू असू शकतो. तो नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, औषधं काही महिने घ्यावी लागतात.

मुंबईत मार्च 2019 मध्ये केशरोपणानंतर एक व्यावसायिक दगावले. घरी गेल्यावर चेहरा आणि घसा सुजला, दम लागला. तीव्र अॅलर्जीचा संशय होता. बंगळूरला मे 2022 मध्ये एका तरुण कन्नड अभिनेत्रीला चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लिनिकातून दुसऱ्या रुग्णालयात न्यावं लागलं, ती वाचली नाही. कोण चुकलं हे मी सांगणार नाही, कागद माझ्यासमोर नाहीत. पण अशी बातमी वाचली की मी आधी एवढंच शोधते, की ऑपरेशन झालं त्या इमारतीत आयसीयू होता का?

आपल्याकडे यात लपवालपवीची भर पडते. सासरी माहीत नाही, माहेरी सांगितलेलं नाही, नवऱ्याला ‘मैत्रिणीकडे राहते’ असं कळवलेलं. सोबत कुणीच नाही. हेच लोक भूलपूर्व तपासणीत सिगारेट लपवतात, मिश्री तर लपवतातच. निकोटिन कुठूनही आलं तरी कातडीचा रक्तपुरवठा आवळतं आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडतात. निदान चार आठवडे आधी सोडा म्हटलं की ‘पण लग्न दोन महिन्यांवर आलंय’ असं उत्तर येतं. दोन महिन्यांत सूजही पूर्ण उतरत नाही. नाकाची तर वर्षभर घेते.

चेहरा भरलेला दिसावा म्हणून सुईने भरायच्या जेलला, म्हणजे फिलरला, लोक ऑपरेशन समजतच नाहीत. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते. नाकावर किंवा भुवयांच्या मध्ये टोचताना गेलं, तर दृष्टीही जाऊ शकते, आणि तेव्हा हाताशी मोजकीच मिनिटं असतात. पार्लरमध्ये ते विरघळवणारं इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे का, विचारून बघा.

करणाऱ्याकडे कसली पदवी आहे, हेही विचारा. प्लास्टिक सर्जनची एमसीएच किंवा डीएनबी असते. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये लिहून द्यावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे केशरोपणासारख्या गोष्टींसाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. लिहून द्यावं लागलं, यातच काय ते आलं. भूल कोण देणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. (माझा व्यवसाय म्हणून सांगते असं समजा हवं तर.) आणि केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, तेव्हा आयसीयूची वेळ आली तर पैसे कुठून येतील, हेही आधीच बघा.

यानंतर हमखास पुढचा प्रश्न येतो, “तुम्ही स्वतः करून घ्याल का?” वरच्या पापण्या फार लोंबल्या तर कदाचित, फक्त तो भाग बधिर करून. त्यातही डोळ्याच्या मागे रक्त साचून नजर जाण्याचा दुर्मीळ धोका असतो, म्हणून त्या रात्री बहिणीला घरी बोलवीन आणि सर्जनचा मोबाइल नंबर तिच्याकडे देईन. पोट, मांड्या आणि हात एकाच दिवशी, ‘पॅकेज’मध्ये? नाही. एकाच भुलीत जितकं जास्त काम, तितका वेळ जास्त, औषध जास्त, अंथरुणही जास्त. पॅकेजच्या पत्रकावर बचत किती होते ते ठळक छापलेलं असतं; रात्रपाळीला डॉक्टर कोण, त्याचा उल्लेख मला अजून तरी कुठे दिसलेला नाही.