गोळी गिळली, पुढे ती जाते कुठे?

सुट्टीला दादरला आले की फराळाआधी काकांचा लिपिड प्रोफाइल हातात पडतो. "अगं, तू तिकडे न्यू जर्सीत कोलेस्टेरॉलचंच औषध शोधतेस ना? मग सांग, या गोळीने मांड्या का दुखतात?" दुखण्याचं डॉक्टरांनाच विचारा, गोळी परस्पर बंद करू नका, एवढंच मी सांगते. पण प्रश्न आमच्या कामाच्या मुळाशी जाणारा आहे.

यकृत ज्या एन्झाइमच्या जोरावर कोलेस्टेरॉल बनवतं, ते काकांची गोळी, म्हणजे स्टॅटिन, अडवते. तेच एन्झाइम स्नायूंतही असतं. म्हणून आमची अर्धी डोकेफोड रेणू हवा तिथेच कसा काम करेल याची. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेलं कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध, बेंपेडोइक ॲसिड बघा: गिळताना ते निष्क्रिय. त्याला जागं करणारं एन्झाइम यकृतात आहे, हातापायांच्या स्नायूंत नाही.

मला मात्र एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्याच आणखी एका औषधाचं जास्त कौतुक. ते न्यू जर्सीतच, शेरिंग-प्लाउ या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं. मंडळी शोधत होती वेगळंच काही, पण हाती लागलेला रेणू आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषूच देईना. मग त्यांनी तो दिलेल्या उंदरांचं पित्त दुसऱ्या उंदरांना दिलं, तर ते मूळ रेणूपेक्षा सरस निघालं! शरीरच त्यात सुधारणा करत होतं. रसायनवाल्यांनी ती आधीच करून टाकली, आणि शरीर रेणू नको तिथे मोडत होतं तिथे फ्लोरिनचे अणू बसवले. औषध २००२ मध्ये आलं. ते आतड्यातल्या कोणत्या प्रथिनाला धरतं हे कळलं त्यानंतर.

टॉर्सेट्रापिब या कोलेस्टेरॉलच्याच औषधाचं उलट झालं. 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढलं, 'वाईट' घटलं, रिपोर्ट झकास. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. २००६ च्या डिसेंबरात चाचणी थांबवावी लागली.

माझं रोजचं काम माटुंग्याला यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले तेच. मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा करायला कॉलम लावायचा, तो शुद्ध आहे का हे बघायला टीएलसी प्लेट यूव्ही दिव्याखाली धरायची, एकच ठिपका दिसला की हुश्श! फरक इतकाच की इथे सॉल्व्हंट जपून वापर म्हणून कुणी ओरडत नाही. बनवलेली बहुतेक संयुगं बादच होतात, कित्येकदा 'पाण्यात विरघळत नाही' एवढ्याशा शेऱ्यावर. सध्याच्या रेणूला विरघळावा म्हणून एक शेपूट जोडतेय. त्याने औषधाची ताकद जाईल, असं जीवशास्त्रवाल्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात चाचणीला देतेय.