सिंगापूरचा नळ, जोहोरचं पाणी आणि आपली शिरोली

घरी फोन केला की एक प्रश्न ठरलेला असतो, सिंगापूर एवढं सेफ कसं काय रे, पोलीस तर रस्त्यावर दिसत नाहीत म्हणतोस. पोलिसांचा विषय राहू दे, इथं राहायला लागल्यापासनं मला जी सुरक्षा सगळ्यात जास्त जाणवली ती पाण्याची, आणि ती कोल्हापूरच्या माणसाला जेवढी कळेल तेवढी दुसऱ्या कुणाला क्वचितच कळेल. २०१९ चा ऑगस्ट आठवा. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगलोर रोड बंद, गोकुळचं संकलन थांबलं, आणि चारी बाजूला पाणीच पाणी असताना नळाला थेंब नाही, कारण बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही उपसा केंद्रंच पुरात गेलेली. शहराचं बेट झालं होतं. २०२१ ला परत तेच.

हा देश तर कायमचाच बेट. साधारण ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि त्यात ६० लाख माणसं. १९६५ ला स्वतंत्र झाला तेव्हा तर ५८१ चौरस किलोमीटरच होता, बाकीची जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. मोठी नदी नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, सगळ्यात उंच टेकडी बुकित तिमा, ती पण १६३ मीटर. पाऊस भरपूर पडतो, पण साठवायला जागा कुठं आहे?

मी वुडलँड्सला राहतो, मलेशियाच्या अगदी तोंडावर. आमच्या कॉरिडॉरमधनं पलीकडं जोहोर या मलेशियाच्या राज्यातल्या बिल्डिंगी दिसतात, मधे खाडी, आणि खाडीवर साधारण एक किलोमीटरचा कॉजवे, म्हणजे भराव घालून केलेला रस्ता. सकाळी बघितलं तर तिकडनं कामाला येणाऱ्यांच्या मोटरसायकलींची रांग संपता संपत नाही. त्याच रस्त्याच्या कडेनं पाण्याच्या जाडजूड पाइपलाइन येतात. १९६२ च्या करारानं सिंगापूरला जोहोर नदीतनं रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, दर हजार गॅलनला ३ सेन (म्हणजे मलेशियाचे पैसे), आणि हा करार २०६१ ला संपतो. १९६५ ला सिंगापूर मलेशियापासनं वेगळं झालं तेव्हा पाण्याचे करार पाळायची हमी वेगळं होण्याच्या करारातच घालून घेतली आणि तो करार संयुक्त राष्ट्रांकडं नोंदवला. कागद एवढा पक्का, तरी ही माणसं कागदावर विसंबून बसली नाहीत.

त्याचं कारण १९४२ मधे आहे. जपानी फौज मलायातनं खाली येत होती म्हणून ३१ जानेवारीला ब्रिटिशांनी हा कॉजवे सुरुंगानं उडवला, त्यात जोहोरची पाइपलाइनही तुटली. जपानी तरीही खाडी ओलांडून आले आणि बेटावरचे तलाव त्यांच्या हातात गेले, बॉम्बहल्ल्यानं शहरातल्या पाइपा फुटल्या, लाखो माणसांना पाणी पुरेना. १५ फेब्रुवारीला ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलनं शरणागती पत्करली. आजही दरवर्षी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी, म्हणजे त्या शरणागतीच्या वेळेला, देशभर भोंगा वाजतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बसस्टॉपवर होतो, फोनपण वाजायला लागला, शेजारची म्हातारी आजी शांतपणे भाजीची पिशवी धरून उभी. तिच्या पिढीनं ते दिवस घरातनं ऐकलेले असणार, काहींनी तर बघितलेले.

मग यांनी केलं काय, तर एका नळाचे चार नळ केले. पावसाचं पाणी, जोहोरचं पाणी, सांडपाणी शुद्ध करून केलेलं 'न्यूवॉटर' (हे २००३ पासनं, जास्त करून चिपच्या कारखान्यांना जातं आणि कोरड्या दिवसात तलावात सोडतात), आणि समुद्राचं पाणी गोडं करून. देशाची दोन तृतीयांश जमीन पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे माझ्या बिल्डिंगच्या मागची जी काँक्रीटची नाली आहे ना, तिचं पाणी वाया जाण्यासाठी नाहीच, त्यामुळं त्यात कचरा टाकणं हा इथं गंभीर विषय. आणि शहराच्या तोंडावर २००८ साली मरिना बराज म्हणजे दरवाजांचा बंधारा बांधला, नऊ दरवाजे आणि सात प्रचंड पंप. ओहोटी असेल तर दरवाजे उघडून पावसाचं पाणी समुद्रात सोडतात, भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून पंपानं बाहेर फेकतात, म्हणजे एकाच बांधकामानं गोड्या पाण्याचा तलावही झाला आणि सखल भागातला पूरही आटोक्यात आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट (इशारा) झाली का ४३ (धोका) झाली हे तासातासाला बघत मोठा झालेला माणूस मी, मला त्या बराजवर उभं राहून खरंच भरून आलं.

घरातसुद्धा हेच. १९९८ पासनंच्या नव्या फ्लॅटमधे एक छोटी खोली असते, जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी जड दार, दारावर सूचनांचा कागद, हल्ला झालाच तर घरातल्यांनी आत बसायचं. एरवी लोक तिथं सामान ठेवतात. आई इथं आली होती तेव्हा तिनं कांदा-लसूण चटणीचे डबे तिथंच लावले आणि भिंतीला खिळा मारून कॅलेंडर लावायला सांगितलं, मी म्हटलं आई, इथं भिंतीला वाटेल तसं भोक पाडायची परवानगी नसते, आणि का ते सांगितलं. ती जरा वेळ दाराकडं बघत बसली, मग म्हणाली, "म्हंजे पूर यायच्या आधीच माळा तयार ठेवल्यागत झालं की." कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतल्या, पूर बघितलेल्या बाईला जास्त समजावून सांगायची गरजच पडली नाही. तिकडं परत गेल्यावर तिनं वरच्या माळ्यावर पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, औषधं, कागदपत्रांची पिशवी कायमची ठेवलीय.

तांदळाचंही तसंच, आयात करणाऱ्याला महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा ठरलेल्या गोदामात ठेवावाच लागतो, कारण ९० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न बाहेरनं येतं. पोरांना दोन वर्षं लष्करात जावं लागतं ते तर तुम्हाला माहितीच आहे, त्यात मी जात नाही.

आता आपलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरनं ५२४ मीटरवर नेली तर आपल्याकडचा पूर वाढेल या विषयावर आपण भांडतो, आणि भांडायलाच पाहिजे, पण कर्नाटकाशी काहीही ठरलं तरी पंचगंगा पावसाळ्यात चढायचीच. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहराजवळच्या पुईखडीला पोचलं, आपला दुसरा नळ तो, आणि मला त्याचा फार आनंद झाला होता. पण तो आला म्हणून जुनी केंद्रं आता गरज नाही असं समजून सोडून देऊ नका, दोन्ही चालू राहिली पाहिजेत. बालिंग्याची, शिंगणापूरची मोटर आणि इलेक्ट्रिक पॅनेल २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवलेत का, शिरोलीला हायवे बंद पडला तर दूध, डिझेल आणि ऑक्सिजन कुठल्या रस्त्यानं येणार, हे दोन प्रश्न पुढच्या वेळी मत मागायला जो कोण दारात येईल त्याला विचारा, आणि उत्तर काय मिळतं ते मला पण कळवा.