कपाट वेगळं ठेवा

साहेबांना एका छोट्या देशाच्या दूतावासाने "आमचे मानद वाणिज्यदूत व्हाल का?" (म्हणजे आपला धंदा सांभाळून इथे त्या देशाचं काम बघणारे प्रतिनिधी) असं विचारलं, तेव्हा ऑफिसात पहिली चर्चा रंगली ती गाडीवरच्या झेंड्याची आणि दुसरी, कर माफ होईल का याची. कागद जमवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. मग मी वाणिज्यदूत संबंधांवरचा १९६३ चा व्हिएन्ना करार छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. एकूण ७९ कलमं, त्यातली ५८ ते ६८ मानद मंडळींच्या कचेऱ्यांची.

माझा सल्ला, ६८ वं आधी वाचा. मानद वाणिज्यदूत नेमायचे की नाहीत, स्वीकारायचे की नाहीत, हे प्रत्येक देशाने आपलं आपण ठरवायचं, एवढंच त्यात म्हटलंय. म्हणजे यजमान देशाने, जिथे कचेरी उघडायची त्या देशाने, मुळातच नाही म्हटलं तर पुढचं सगळं वाचून उपयोग शून्य.

तो हो म्हणाला, तरी कचेरी कुठे असेल, तिचा दर्जा काय आणि तिचं कार्यक्षेत्र कोणतं, या तिन्हींवर त्याची मंजुरी लागते. पुढे यातलं काही बदलायचं तरी परत विचारायचं. दर्जे चार: महावाणिज्यदूत, वाणिज्यदूत, उपवाणिज्यदूत आणि वाणिज्य प्रतिनिधी. आम्ही उत्साहाच्या भरात मंजुरीआधीच पाटी रंगवून घेतली, 'महावाणिज्य दूतावास' अशी, सोनेरी अक्षरांत. मंजुरी आली साध्या वाणिज्य दूतावासाची! ती पाटी अजून माळ्यावर आहे.

मग माणसाची पाळी. साहेब यजमान देशाचेच नागरिक. अशा माणसाला नेमायला त्या देशाची स्पष्ट संमती लागते आणि ती केव्हाही काढून घेता येते. पाठवणारा देश नियुक्तिपत्र देतो, त्यात पूर्ण नाव, दर्जा, ठिकाण, कार्यक्षेत्र. त्यावर यजमान देश मान्यतापत्र देतो, त्याला 'एक्झिक्वाटर' म्हणतात. नाकारलं तर कारण सांगायचं बंधन नाही. ते येईपर्यंत तात्पुरती मान्यता मिळू शकते, पण तीही मिळेपर्यंत आपण आपले दुकानदारच.

झेंड्याचं उत्तर मिळालं: गाडीवर लावता येतो, पण गाडी सरकारी कामावर असतानाच. पोरांना शाळेत सोडताना नाही. कराचं उत्तर ऐकून साहेबांचा चेहरा पडला. यजमान देशाच्या नागरिकाला करारातून मिळतं ते मुख्यतः पदाच्या कामापुरतं संरक्षण. स्वतःच्या धंद्यातल्या कमाईला कसली माफी?

पण माझी पेन्सिल अडली ती ६१ व्या कलमावर. पूर्णवेळ वाणिज्यदूताच्या कचेरीत, कामाच्या भागात, यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना परवानगीशिवाय शिरता येत नाही. मानद कचेरीच्या भिंतींना ते कवच नाही, कारण ते कवच देणारं वेगळं कलम तिला लागूच केलेलं नाही. कवच आहे ते कागदांना. तेही एका अटीवर: ते इतर कागदांपासून, विशेषतः प्रमुखाच्या खासगी पत्रव्यवहारापासून आणि त्याच्या व्यवसायाच्या कागदांपासून वेगळे ठेवलेले हवेत. करार करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता म्हणायचं. एकाच टेबलावर पासपोर्टचे अर्ज आणि मालाची बिलं पसरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असणार!

मी एक लोखंडी कपाट मागून घेतलं. दोन किल्ल्या, एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. आत अर्ज, शिक्के, दूतावासाची पत्रं आणि दुसरं काहीही नाही.

तीन-चार महिन्यांनी साहेब दोन जाडजूड फाइली घेऊन आले. "ही भागीदारीची कागदपत्रं जरा त्या कपाटात ठेव. तिथं कुणी हात लावणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, ही आत गेली की तिथल्या बाकीच्या कागदांनाही हात लागेल."

ते थोडा वेळ कपाटाकडे बघत राहिले. मग फाइली उचलून आपल्या खणात ठेवल्या आणि माझ्याकडे चहा मागितला.