पाहुणे आले, रोहित आलेच नाहीत

सोलापूर रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी पहाटे हडपसर ओलांडलंय त्यांना सांगायला नको. नाताळची सुट्टी, आधीच ठरवलेली होडी, नवी कोरी दुर्बीण असा जामानिमा घेऊन आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावात पोचलो. बघायचे होते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. दिसलं काठोकाठ भरलेलं उजनी धरणाचं पाणी, आणि लांबवर पाच-सहा पांढुरके ठिपके.

"मामा, बाकीचे कुठायत?"

होडीवाल्या मामांनी होडीतला बांबू पाण्यात उभा खुपसला. जवळजवळ अख्खा आत गेला तरी तळ लागेना. "पाणी उतरल्याबिगर गाळ उघडा पडत न्हाई, ताई. मग त्यांनी खायचं काय?"

बरोबरच होतं. रोहित उथळ पाण्यात पायांनी चिखल ढवळतो आणि चोच उलटी बुडवून शेवाळ, किडे गाळून खातो. पाणी खोल असलं की त्याची खानावळ बंद. २०२५चा मान्सून पुण्यात २६ मे रोजीच येऊन टेकला आणि तो परतल्यावरही पाऊस दिवाळीत आकाशकंदील भिजवून गेला. मग धरणाचं पाणी उतरणार कधी? आपल्या सिमला ऑफिसच्या खात्याने, म्हणजे हवामान विभागाने, २०२०मध्येच नव्या तारखा लावल्या: वायव्य भारतातून मान्सून परतायला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. अर्थात, उजनीचं पाणी कधी सोडायचं हे माणसंच ठरवतात; सगळं खापर हवेवर फोडण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, हजर होते. डोक्यावर दोन काळे पट्टे, काठावरचं गवत ओरबाडत, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. ते निघतात तिबेट-मंगोलियाकडून, तिथली थंडी आणि लहान होत जाणारा दिवस बघून. उजनीत किती पाणी आहे हे त्यांना कोण सांगणार? रोहित मात्र पाण्याचा अंदाज घेत देशातल्या देशात भटकतात. एकाच धरणावरचे पाहुणे, पण वेळापत्रकं वेगळी, आणि बिघडतातही वेगवेगळी.

हे सगळं मामांकडून नीट ऐकायचं होतं. पण शेजारच्या होडीतल्या मंडळींनी स्पीकर लावला, वर ड्रोन सोडला. कादंब उडाले. मी ओरडले, कोणी ऐकलं नाही.

दुपारी एका घरी चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी मिळाली. वहिनी पैसे घेताना संकोचत होत्या. "रोहित दिसलं न्हाईत ना? फेब्रुवारीत या की."

फेब्रुवारीत आमच्याकडे बारावी आहे.