फिट थांबली की, मग तोंड का पाडून बसतोस?

परवा बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर परत तोच प्रश्न. "वर्ष झालं फिट नाही, गोळ्या चालू आहेत, मग आता काय झालंय तुला?" मी नेहमीसारखं "काय नाही हो, ठीक आहे की" म्हटलं, कप ठेवला आणि निघालो. खोटं बोललो. तुम्ही मायेनं विचारलंत, आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली फिट लेथवर असताना आली, दोन नाइट शिफ्ट सलग झाल्या होत्या. मला त्यातलं काहीच आठवत नाही, जॉब (कापायचा लोखंडाचा तुकडा) लेथच्या चकात पकडला तिथपर्यंत आठवतंय आणि मग एकदम रिक्षा. पण कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. डॉक्टर म्हणाले बरं झालं काढला, फिट कसली आहे हे त्यांना त्यावरून कळतं. मी मात्र तो रोज रात्री बघायला लागलो, बायको झोपली की, आवाज बंद करून. एक मिनिट पन्नास सेकंद. त्यात एकजण नाकाशी चप्पल धरतोय, एकजण दातात पाना घालायला बघतोय (पुढच्या दाताचा टवका गेला तो तिथंच. तोंडात काही घालायचं नसतं बाबांनो, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखाना), मागून कोण तरी "नीर तगोंड बर्री", पाणी घेऊन या, म्हणून ओरडतोय. सगळ्या मशीनशॉपनं मला तसं बघितलंय, बघितलं नाही ते फक्त मी. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर डबा खाताना कसं वाटतं ते सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी पहाटे घरात दुसरी आली, मग एमआरआय, ईईजी (मेंदूचा आलेख), आणि चौतिसाव्या वर्षी "एपिलेप्सी", म्हणजे मिरगी, म्हणून कागद हातात. एमआरआय क्लीन. मग कशानं झालं? डॉक्टर म्हणाले निम्म्या लोकांत कारण सापडतच नाही. आईला ते पटेना, तिनं जोतिबाला नवस बोलला, सौंदत्तीला पण बोलला, सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडचे देव लागतात. मी तिच्यावर हसलो, पण रात्री मी पण तेच शोधत होतो, कशानं.

मालकांनी काढलं नाही, हे त्यांचे उपकार. पण फिरत्या मशीनवर उभं करता येत नाही म्हणून माप घ्यायचा व्हर्नियर देऊन इन्स्पेक्शनला, तयार माल तपासायला, बसवलं. पंधरा वर्षं लेथ चालवली. बाईक तर बंदच, लायसन्सच्या फॉर्ममध्येच विचारतात एपिलेप्सी आहे काय म्हणून. आता बायकोच्या स्कूटीवर मागं बसून येतो. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ओळखीचं कोण दिसलं की मी मोबाईलमध्ये तोंड घालतो. हे असं लिहिताना पण लाज वाटतेय, बायकोच्या मागं बसायला कसली लाज, पण वाटते ती वाटते.

गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली, आणि तिथून मी बिघडत गेलो. सारखं वाटायचं आता येणार, बाथरूमला कडी लावायचो नाही, बाजारात एकटा जायचो नाही. आणि राग, कधी नव्हता असा. पोरीनं वही सापडत नाही म्हटलं तर मी डबा भिंतीवर मारला. आमटी खाली ओघळत होती आणि पोरगी भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघत होती. नंतर नंतर राग पण येईना, नुसतं पडून राहायचं, आणि झोपताना वाटायचं सकाळी उठलोच नाही तर बरं होईल.

न्यूरोच्या ओपीडीत दर वेळी एकच. फिट आली? नाही. व्हेरी गुड, चालू ठेवा. मी पण सांगितलं नाही, त्यांना काय दोष द्यायचा, बाहेर साठ पेशंट बसलेले.

सुटलो ते बायकोच्या कॅलेंडरमुळं. फिट आली की तारखेवर फुली मारायला सांगितली होती. फुल्या नव्हत्याच, पण तिनं मला न सांगता पेन्सिलीनं टिंबं द्यायला सुरुवात केली, मी जेवलो नाही, बोललो नाही, आदळआपट केली त्या दिवशी टिंब. एका महिन्यात एकोणीस. ते पान फाडून तिनं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ही फिटची गोळी, लेव्हेटिरॅसिटाम, आहे ना, काही लोकांना यानं असा राग येतो, मन उतरतं. हळूहळू गोळी बदलली. (स्वतःहून एकदम बंद करू नका, फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.) आणि हे पण म्हणाले की सगळं गोळीवर ढकलू नका, मिरगीवाल्या चारपाच जणांत एकाला तरी डिप्रेशन असतं, मेंदूच्या ज्या भागातून फिट निघते त्यातले काही भाग मनाचं पण काम बघतात. एवढं ऐकून मी त्या खुर्चीत रडलो. आपण नेभळट आहोत असंच धरून चाललो होतो ना.

तिथून धारवाडला पाठवलं, सरकारी मनोरुग्णालय आहे तिथं, डिमहान्स. आता माझं कन्नड म्हणजे शॉपवरचं, मायक्रॉन, रेट, डिस्पॅच. मनातलं त्यात कधी बोललोच नव्हतो. समोरच्या बाईंनी विचारलं, "ब्यासर आगतदेन्री?" आणि मी फक्त "हौद्री", हो जी, म्हटलं. ब्यासर म्हणजे कंटाळा म्हणा, उदास म्हणा, पण दोन्ही नाही, आपल्या आया पण म्हणतात की "ब्यासरलं बाई". आठ महिने मराठीत शब्द सापडत नव्हता तो तिथं सापडला. उरलेलं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये झालं, आणि चाललं.

मनाची गोळी खाल्ली तर फिट परत येईल ही भीती होती, डॉक्टरांनी सांगितलं की हल्लीच्या बऱ्याचशा गोळ्या नेहमीच्या डोसात चालतात. आली नाही. ज्याला धारवाड लांब आहे त्यानं १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत पण बोलतात. मी सेव्ह केलाय, लावला नाही अजून.

तर, काय झालंय मला? फिट नाही, ब्यासर आहे, पूर्वीपेक्षा कमी. मागच्या महिन्यात चार टिंबं. व्हिडिओ डिलीट केला. शॉपवरचे मामा "काय करूलाईस रे एकटाच" म्हणत डबा घेऊन येतात, आता मी सरकून जागा देतो.

धारवाडहून येताना दर वेळी पेढे आणतो, त्यामुळं गल्लीत सगळ्यांना वाटतं आमचे कोणी पाव्हणे आहेत तिकडं. आता हे वाचल्यावर कळेलच.